उंदरांचं साल

बेळगावहून पणजीला जाणारा रस्ता खानापूर आणि लोंढा मागे टाकून रामनगरला येतो. इथून एक फाटा जोयडा-दांडेलीकडे वळतो आणि मुख्य रस्ता अनमोडचा घाट उतरून गोव्यात शिरतो. काळी नदीवर सुप्याचं १०१ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला हललं. उठलेल्या कुटुंबांपैकी बऱ्याच जणांनी रामनगरला नव्यानं घरं बांधली. घरात मराठी नाहीतर कोकणी, कचेरीत कन्नड, बाजारात तिन्ही, असा इथला रिवाज. गावाच्या भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान आणि रानाच्या खाचाखोचांतून भाताची खाचरं.

इथं येणारे लोक वाघ, धनेश नाहीतर राजनाग पाहायला येतात. मला लिहायचं आहे ते बांधातल्या उंदराबद्दल. या मुलखातल्या शेतकऱ्याचं वर्ष वाघापेक्षा त्यानं जास्त वेळा बिघडवलं आहे, आणि त्याच्याविषयी आपण सर्वांत कमी बोलतो.

भात पोटरीवर येण्याच्या सुमारास खाचराच्या बांधावरून सावकाश चालत जावं. एखाद्या ठिकाणी ताज्या मातीचा ढीग दिसतो, ओंजळ-दोन ओंजळी भुसभुशीत मातीचा. बिळाचं तोंड शोधायला गेलं तर ते आतून मातीनं बुजवलेलं असतं. दोन-चार पावलांवर दुसरं तोंड असतं, वर मातीचा पातळ पापुद्रा ठेवलेलं. खणत कोणी आलंच तर हा पापुद्रा फोडून निसटायची सोय. खाचरात वाकून पाहिलं तर पाण्याच्या जरा वर काही फुटवे तिरपे छाटलेले असतात, कोयत्यानं मारावेत तसे. सगळे फुटवे खाल्लेले नसतात. पोटरीतली कोवळी लोंब तेवढी काढून बाकीचा ताटा टाकून दिलेला असतो, आणि नुकसान मोठं होतं ते त्यामुळेच. बांध खणला तर आत गवत-पेंढ्याचं अंथरूण असलेली एक खोली आणि बाजूला साठवणीच्या कोठड्या सापडतात. कापणीनंतर खणलं तर त्या कोठड्यांत लोंब्याच्या लोंब्या रचलेल्या असतात.

हे काम करणाऱ्या प्राण्याचं शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस, म्हणजे धाकटी घूस. तोंड आखूड, अंग जाड, शेपूट शरीरापेक्षा तोकडी. कोंडीत सापडली की पाठीचे केस ताठ उभे करते आणि गुरगुरते. उत्तम पोहते, त्यामुळे पाणी भरलेलं खाचर तिच्या वाटेत आडवं येत नाही. स्वभावानं एकांडी आहे. एका बिळात एकच, किंवा मादी आणि तिची पिल्लं. पिल्लं स्वतःचं पोट भरू लागली की त्यांनाही बाहेरची वाट दाखवली जाते.

युरोप-अमेरिकेतल्या शेतांत हे सगळं कोण करतं असं विचारलं, तर उत्तर येईल: व्होल. आखूड शेपटीचा, कान केसांत बुडालेले, डोळे बारीक, गुबगुबीत अंगाचा हा गवतखाऊ उंदीर. युरोपातली कुरणं, रशियाची गवताळ मैदानं, कॅनडाचा बर्फ या सगळ्या थंड पट्ट्यात त्याचंच राज्य आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात हे आपल्याला ठाऊक असतं. पुष्कळशा व्होल जातींच्या दाढासुद्धा आयुष्यभर वाढत राहतात. गवतात सिलिका असते आणि ती दात झिजवते, म्हणून झिजेला वाढीनं दिलेलं हे उत्तर. हिवाळ्यात बर्फाचा थर आणि जमीन यांच्यामध्ये जी पोकळी राहते, तिच्यात बोगदे करून हे प्राणी गवताची मुळं-खोडं खात राहतात. वर उणे वीस अंश असलं तरी खाली ते जगतात.

भारतात व्होल आहेत, पण फक्त हिमालयात. कुमाऊँ-गढवालच्या खडकाळ उतारांवर रॉयलचा व्होल, काश्मीरच्या कुरणांत काश्मिरी व्होल, लडाखच्या पठारावर आणखी काही जाती. हिमालयाचा पायथा उतरला की त्यांची हद्द संपते. सह्याद्रीत एकही व्होल नाही. थंड गवताळ प्रदेशात घडलेलं हे घराणं उष्ण मैदानं ओलांडून दक्षिणेत आलंच नाही. इथं त्यांची जागा उंदीर-घुशींच्या कुळानं आधीच घेतलेली होती आणि गवत, मुळं, दाणे, कंद हे सगळं त्यांनी आपापसांत वाटून घेतलं होतं. त्या वाटणीत व्होलचं काम जिनं जवळजवळ हुबेहूब उचललं ती जात याच भागातून जगाला कळली. त्यामागे एक माणूस होता, आणि त्याच्या मागे वडार.

वॉल्टर इलियट १८२१ मध्ये मद्रास सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाला आणि लवकरच धारवाडकडे आला. इंग्रज तेव्हा या भागाला दक्षिण मराठा प्रदेश म्हणत. कित्तूरच्या राणी चन्नम्मानं कंपनी सरकारला आव्हान दिलं तेव्हा, ऑक्टोबर १८२४ मध्ये, धारवाडचा कलेक्टर थॅकरे लढाईत मारला गेला आणि त्याचे दोन सहायक कित्तूरकरांच्या हाती ओलीस सापडले. एक स्टीव्हन्सन, दुसरा इलियट. दोघांना पुढे सुखरूप सोडण्यात आलं. इतिहासाच्या पुस्तकात इलियटचं नाव इथं येतं आणि संपतं. प्राणिशास्त्रात मात्र ते यापुढे सुरू होतं. या माणसानं शिलालेख गोळा केले, नाणी जमवली, अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पित दगड उकरले, पुढे डार्विनला पक्ष्यांची कातडी पाठवली. आणि १८३९ मध्ये ‘मद्रास जर्नल ऑफ लिटरेचर अँड सायन्स’ या नियतकालिकात दक्षिण मराठा प्रदेशातल्या सस्तन प्राण्यांची सूची छापली.

ती सूची वाघ-बिबट्यांच्या नोंदींसाठी वाचावी तितकीच उंदरांच्या पानांसाठीही वाचावी. इलियटनं पाठवलेल्या नमुन्यांवरून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यानं १८३७ मध्ये अनेक नव्या जातींचं वर्णन केलं होतं. गोलुंडा, मेल्टाडा, बुडुगा, कोक, लेग्गाडा ही त्यानं वापरलेली नावं आली ती कन्नड शेतकरी आणि वडार यांच्या तोंडून. इलियटला उंदीर आणून देणारे, बीळ खणून त्याची रचना दाखवणारे, कुठला कुठं राहतो आणि काय खातो हे सांगणारे ते लोक. तळी खणणं, दगड फोडणं आणि शेतातले उंदीर धरून खाणं हा वडारांचा व्यवहार होता, त्यामुळे जमिनीखालचं जग त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? सूचीवर नाव इलियटचं आहे. वडारांपैकी एकाचंही नाव त्यात नाही, आणि ही उणीव मला त्या सूचीतल्या कुठल्याही चुकीपेक्षा मोठी वाटते.

आता ती व्होलसारखी जात. गोलुंडा इलियटाय, म्हणजे झुडपी उंदीर. ठेंगणा, गोल डोक्याचा, राठ केसांचा, पिवळसर-करड्या ठिपक्यांचा. पहिल्या नजरेत पाहणारा त्याला व्होलच म्हणेल. वरच्या पुढच्या दातांवर उभी खोबण असते. तो बीळ सहसा करत नाही. दाट काटेरी झुडपात, जमिनीवर किंवा जरा वर, सुक्या गवताच्या काड्या आणि तंतू विणून गोल घरटं करतो. झुडपांच्या बुंध्यांमधून त्याच्या रोजच्या येण्याजाण्याच्या बारीक पायवाटा पडलेल्या दिसतात. व्होलही कुरणात अशाच वाटा पाडतो. दोघांचं कूळ वेगळं, देश वेगळा, पण गवतात राहून गवत खाणाऱ्याला एकाच प्रकारचं अंग आणि एकाच प्रकारची वाट लागते. श्रीलंकेत हाच प्राणी एकोणिसाव्या शतकात कॉफीच्या मळ्यांत घुसला, कोवळे कोंब आणि कळ्या छाटू लागला आणि ‘कॉफी रॅट’ म्हणून बदनाम झाला.

दुसरा एक छोटा उंदीर आहे, चपट्या काट्यांसारख्या केसांचा, मस प्लॅटिथ्रिक्स. तांबड्या मुरमाड जमिनीत राहतो. हा आपल्या बिळाचं तोंड खड्यांनी बंद करतो, तोंडाशी खड्यांचा साठाही ठेवतो, आणि आत त्याच्या खोलीत बारीक, गुळगुळीत, गोल खड्यांचं अंथरूण असतं. गवताचं नाही, खड्यांचं. इतका लहान प्राणी एकेक खडा निवडून वाहून नेतो हे ज्यानं प्रथम खणून पाहिलं त्याला किती नवल वाटलं असेल.

आणि मेट्टाड. मऊ केसांचा शेतउंदीर, मिलार्डिया मेल्टाडा. याची गोष्ट या लेखाच्या मध्यभागी आहे.

मेट्टाड शेतातच राहतो, जोडीनं किंवा पाच-सहांच्या टोळीनं. बीळ खणण्याची त्याला फारशी हौस नाही. झुडपाच्या मुळाशी एखादा उथळ खड्डा, शेतातून वेचून बांधाला टाकलेल्या दगडांचा ढीग, घुशीनं सोडलेलं जुनं बीळ, यावर त्याचं भागतं. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हातभर खोल भेगा पडतात, तेव्हा तर त्याला आयती घरं मिळतात. पहिला जोराचा पाऊस पडतो, काळी माती फुगते, भेगा मिटतात आणि आत असलेले असंख्य मेट्टाड दरवर्षी गाडले जातात. इलियटनं हे लिहून ठेवलं आहे.

१८२६ मध्ये पावसानं सुरुवातीला ओढ दिली. भेगा मिटल्या नाहीत. जे मरायचे ते जगले आणि त्यांनी प्रजा वाढवली. पेरलेलं बी त्यांनी जमिनीतूनच खाल्लं. पुढे ज्वारी निसवली तेव्हा ताटावर चढून कणसं छाटून खाली पाडली आणि बसून दाणे खाल्ले. शेतंच्या शेतं अशी गेली की रयतेला सारा भरता येईना. शेतकऱ्यांनी वडारांना कामाला लावलं. इतक्या डझन उंदरांमागे इतकं धान्य असा दर ठरला. वडारांनी उंदीर हजारोंनी मारले. इलियटनं पुढे नोंदवलं आहे की तरीही त्यांची संख्या कमी झाल्याचं जाणवलं नाही.

मला वाटतं, उंदीर-नियंत्रणावर भारतात लिहिलं गेलेलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच. त्याच्या आधीच्या वाक्यांसह ते वाचलं तर कारण आणि परिणाम दोन्ही त्यात आहेत. संख्या वाढली ती पाऊस लांबल्यामुळे, आणि मारून कमी झाली नाही कारण मारण्याची सुरुवात वाढ होऊन गेल्यावर झाली.

युरोपात याच प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो जवळपास शंभर वर्षांनी, आणि तो व्होल-लेमिंगांवरून. ऑक्सफर्डच्या चार्ल्स एल्टननं १९२४ मध्ये प्राण्यांच्या संख्येतल्या नियमित चढउतारांवर निबंध लिहिला आणि १९४२ मध्ये व्होल, उंदीर आणि लेमिंग यांच्यावर जाडजूड ग्रंथ काढला. उत्तर युरोपात व्होलची संख्या तीन ते पाच वर्षांनी शिखर गाठते आणि कोसळते. वाढीचा वेग थक्क करणारा असतो. गर्भकाळ तीन आठवड्यांचा, आणि व्याल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते. युरोपातल्या साध्या व्होलची मादी तीन आठवड्यांची व्हायच्या आत गाभण राहते. अमेरिकेतल्या कुरणी व्होलच्या एका मादीनं कैदेत वर्षभरात १७ वेळा पिल्लं दिल्याची नोंद आहे. संख्या फुगली की वीझलसारखे छोटे शिकारी, घुबडं आणि रोग त्यांच्या मागे लागतात, पण थोडे उशिरा. हा उशीरच चढउतार घडवतो.

आपल्या घुशीचा गर्भकाळही तीन आठवड्यांच्या आसपास, एका वेतात पाच-सात ते दहा पिल्लं, तीन महिन्यांत पिल्लू वयात येतं. व्होलपेक्षा थोडी सावकाश, पण तिचं घड्याळ शेताला बांधलेलं आहे. पीक दाण्यावर येतं तेव्हा मादीला सकस अन्न मिळतं आणि वीण वाढते. त्यामुळे कापणीच्या वेळी शेतात जे उंदीर दिसतात ती पोटरीपासून पुढच्या आठवड्यांत जन्मलेली पिढी असते. शेतकऱ्याचा संताप शिगेला पोचतो तेव्हा जीवशास्त्राच्या दृष्टीनं खेळ संपलेला असतो. विष टाकण्याची, बिळं खणण्याची वेळ म्हणजे लावणीआधीची, जेव्हा मागच्या उन्हाळ्यातून तगलेले थोडेच प्राणी उरलेले असतात, आणि नंतर फार तर फुटवे येईपर्यंतची.

रामनगरची जागाही इथं महत्त्वाची आहे. पश्चिमेला कॅसलरॉक, कर्नाटकातल्या सर्वांत जास्त पाऊस झेलणाऱ्या ठिकाणांपैकी एक. पूर्वेला धारवाडकडे निघालं की पाऊस झपाट्यानं उतरतो, भात मागे पडतो, काळी जमीन आणि ज्वारी सुरू होते. काही तासांच्या प्रवासात उंदरांचं राज्यही बदलतं. पूर्वेच्या काळ्या भेगांत मेट्टाड, भाताच्या बांधांत घूस, रानाच्या कडेच्या झुडपांत गोलुंडा, आणि रानात झाडांच्या ढोलींतून राहणारा पांढऱ्या शेपटीचा ब्लॅनफर्डचा उंदीर. जोयड्याच्या कुणबी घरांतून परसात मुडली, करांदे असे कंद लावले जातात. जमिनीखालचं पीक असल्यामुळे त्यांच्यावरही उंदरांचा आणि साळिंदरांचा डोळा असतोच.

रानातून उंदरांना कधी कधी मोठी मेजवानी मिळते ती बांबूच्या फुलोऱ्यात. बांबूला फुलोरा आला की दुष्काळ पडतो, अशी समजूत आपल्याकडे सगळीकडे आहे. कित्येक वर्षं नुसती पानं वाढवणारं बेट एकाच हंगामात फुलतं, बीज देतं आणि मरून जातं. रान बियांनी भरतं. १८६४ मध्ये याच सुप्याच्या रानात असा सार्वत्रिक फुलोरा आला होता. कारवारकडच्या तेव्हाच्या कलेक्टरच्या अहवालानुसार धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतून सुमारे ५०,००० माणसं ते बी गोळा करायला आली. एकेक टोळी दहा-चौदा दिवस रानात राहिली आणि पावसाळ्याच्या बेगमीपुरतं, शिवाय थोडं विकायला, एवढं बी घेऊन गेली. पूर्वेकडे टंचाई होती. त्या वर्षी बांबूनं माणसं जगवली. आज रामनगरहून जोयड्याकडे जाताना त्या रस्त्यानं डोक्यावर गाठोडी घेऊन चाललेल्या पन्नास हजारांचा विचार मनात येतोच.

ज्या बियांवर माणूस जगतो त्याच बियांवर उंदीरही वाढतो. मिझोराममध्ये हे सर्वांना भोवलं. तिथं १९५९ च्या सुमारास मौतक बांबू फुलला, उंदरांची संख्या भडकली आणि रानातलं बी संपल्यावर त्यांनी शेतं साफ केली. दुष्काळ पडला. त्या दुष्काळात मदतीसाठी उभी राहिलेली संघटना पुढे मिझो नॅशनल फ्रंट झाली आणि १९६६ मध्ये तिनं सशस्त्र उठाव केला. भारताच्या एका राज्याच्या राजकारणाची सुरुवात उंदरांच्या वाढीपाशी जाते. २००६-०७ मध्ये बांबू तिथं पुन्हा फुलला तेव्हा सरकारनं आधीच तयारी केली होती, कारण फुलोऱ्याचं साल मोजून सांगता येत होतं.

 

उंदरांशी जोडलेल्या रोगांबद्दलही थोडं थांबून लिहायला हवं. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं तापानं आजारी पडली. हेच क्यासनूर जंगल तापाचं, म्हणजे माकडतापाचं मूळ. विषाणू गोचिडीतून येतो. माकड मरतं म्हणून ते दिसतं. गोचिडीची बारीक पिल्लं मात्र रानातल्या उंदरांवर, चिचुंद्र्यांवर रक्त पितात, आणि हे छोटे प्राणी न मरता विषाणूचं चक्र चालू ठेवायला हातभार लावतात. हा ताप उत्तर कन्नडमध्ये पसरला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्ग-बांदा भागात तो पोचला. नकाशावर ही ठिकाणं जोडली तर रामनगर त्यांच्या मध्येच येतं. काजूच्या बागेत, रानात लाकूड-पाचोळा आणायला जाणाऱ्यांनी अंग झाकणं, परत आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करून गोचीड तपासणं, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणं, हे इतकं साधं आहे आणि त्यानं जीव वाचतो.

भाताच्या चिखलात लेप्टोस्पायरोसिस असतो. उंदराच्या मुतातून जिवाणू पाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतून, कापलेल्या बोटातून माणसाच्या अंगात शिरतो. लावणीच्या दिवसांत ताप, पिंढऱ्या दुखणं, डोळे लाल होणं अशी लक्षणं दिसली तर अंगदुखी म्हणून घरी झोपून राहू नये. वेळेवर दिलेल्या साध्या प्रतिजैविकानं हा आजार बरा होतो, आणि उशीर झाला की मूत्रपिंडं निकामी होतात. कोकणात, गोव्यात आणि घाटावरच्या भातशेतीत दरवर्षी यात कर्ती माणसं जातात. मला या विषयाची सर्वांत जास्त चीड येते ती इथं.

आता उपाय. शेतकऱ्याच्या हातात पहिलं येतं ते विष. झिंक फॉस्फाइड जहाल असतं, पण उंदीर नवी गोष्ट आधी चाखून पाहतो. थोडं खाल्लं, पोट बिघडलं, जगला, तर पुन्हा त्या आमिषाकडे फिरकत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषारी दाणे ठेवून त्याला सवय लावावी लागते, आणि हीच पायरी घाईत गाळली जाते. ब्रोमाडायोलोनसारखी रक्त न गोठू देणारी विषं काही दिवसांनी मारतात, म्हणून उंदराला संशय येत नाही. पण विष खाल्लेला, मंदावलेला उंदीर घुबड, धामण, मुंगूस, रानमांजर यांच्या तोंडी आयता पडतो आणि विष त्यांच्यात उतरतं. जो फुकट काम करत होता तोच मरतो.

स्पेनमध्ये २००७ साली हेच घडलं. कास्तीया-लेओन प्रांतात व्होलची प्रचंड लाट आली, शेतांत विषारी धान्य पसरलं गेलं आणि इतर पशुपक्षीही मेले. त्यानंतर तिथल्या शेतांत घुबडांसाठी आणि खरुची ससाण्यांसाठी घरटी-पेट्या लावायचं काम वाढलं. त्याआधी इस्राएलमध्ये १९८३ पासून स्दे एलियाहू या किब्बुत्झच्या शेतात गव्हाणी घुबडांसाठी पेट्या लावायला सुरुवात झाली होती, व्होल आणि उंदीर यांच्यावरचा उपाय म्हणून. तो प्रयोग देशभर पसरला आणि पुढे जॉर्डन आणि पॅलेस्टिनी भागातले शेतकरीही त्यात आले. घुबड सीमा मानत नाही, हे त्यांना मान्य करावं लागलं.

आपल्याकडे पेट्या लावायच्या आधी घुबड मारणं थांबायला हवं. गव्हाणी घुबड पडक्या वाड्यात, देवळाच्या शिखरात, ढोलीत राहतं. दिवसा दिसलं की अपशकुन म्हणून दगड बसतात, आणि दिवाळीच्या दिवसांत तर अंधश्रद्धेपायी त्यांची चोरटी विक्री आणि हत्या वाढते. ज्या लक्ष्मीचं ते वाहन, तिच्याच पूजेच्या रात्री हे घडावं, आणि तेही नेमकं भात कापणीला आलं असताना. घुबडाच्या बसण्याच्या जागेखाली पडलेल्या केसाळ गोळ्या कधी पाण्यात भिजवून सोडवून पाहाव्यात. आत उंदरांच्या कवट्या, पिवळे पुढचे दात, चिचुंद्रीची हाडं निघतात. शाळेतल्या मुलांना हे एकदा दाखवलं तर त्यानंतर दगड मारणारा हात थबकेल, अशी माझी खात्री आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घुबड पकडणं, मारणं, विकणं गुन्हा आहे, हे वेगळंच.

बांधाचंही आहे. रुंद, झुडपं वाढलेला बांध म्हणजे घुशीचं वर्षभराचं घर. बांध अरुंद ठेवला, उन्हाळ्यात गवत काढलं, तर खणायला तिला जागा राहत नाही. एकाच शिवारात लावण्या मागेपुढे झाल्या तर एका शेतातून दुसऱ्या शेतात तिला पिकतं अन्न महिनोन्‌महिने मिळत राहतं. लावणी एकदम झाली तर तिचा सुकाळही थोडक्यात आटोपतो. जोधपूरच्या केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्थेच्या छत्राखाली १९७७ पासून देशभर चाललेल्या उंदीर नियंत्रण प्रकल्पाचं सांगणंही फिरून फिरून इथंच येतं: सगळ्यांनी मिळून, आणि वेळेवर. एकट्यानं आपल्या एका खाचरात विष टाकलं तर रिकामी झालेली बिळं शेजारच्या घुशी पुढच्या पंधरवड्यात भरून काढतात. १८२६ च्या धारवाडात डझनांवर धान्य मोजून जे साधलं नाही, ते आज पाकिटातल्या विषानंही साधणार नाही.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा रामनगर, खानापूर, जोयडा, चंदगड, सत्तरी इथली भातं कापणीला आलेली असतील आणि यंदाचं नुकसान व्हायचं ते झालेलं असेल. पुढच्या मे-जूनमध्ये, लावणीच्या आधी, गावानं एक आठवडा ठरवावा आणि त्या आठवड्यात शिवारातलं प्रत्येक बीळ, आपलं आणि शेजाऱ्याचं, एकत्र उकरून बुजवावं. आणि या दिवाळीत कोणी घुबड विकायला आणलं तर विकत घेऊ नका, सोडून द्या म्हणून पैसेही देऊ नका. वनखात्याला फोन करा.